भांडखोरांचा शेजार

खाऱ्या पाण्यातील मासे घरी पाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे एकमेकांना खात कसे नाहीत? आम्हांलाही तो वारंवार ऐकावा लागतो. खरे सांगायचे तर खाण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ज्याच्या तोंडात जो मावेल, त्याला त्याच्याबरोबर ठेवू नये, एवढे पथ्य पाळले की तो मिटतो. लायनफिश नावाचा पिसारा फुलवल्यासारखा दिसणारा, विषारी काट्यांचा देखणा मासा सहसा कुणाच्या वाटेस जात नाही. परंतु तोंडात मावणारा शेजारी मात्र एका रात्रीत नाहीसा होतो. त्याला भांडखोर म्हणणे अन्यायाचे होईल. कठीण असते ते जागेसाठीचे भांडण, आणि आमच्या काचपेटीतले बहुतेक रहिवासी त्याच पंथाचे आहेत.

पेटी सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच. साडेसहाशे लिटर पाणी म्हणजे तितक्याच किलोंचे वजन, म्हणून ती तळमजल्यावरच्या बैठकीत, लोखंडी चौकटीवर ठेवली आहे. वसईत राहूनही समुद्राचे पाणी आमच्या उपयोगाचे नाही. खाडीच्या गाळाने व घाणीने ते पेटीत घालण्याजोगे उरलेले नाही. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचे क्षार मोजून मिसळावे लागतात. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया हे विष निर्माण होते, त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जिवाणू पेटीत स्थिरावण्यास चार-सहा आठवडे जातात, आणि तोपर्यंत पाण्याकडे नुसते बघत बसण्यावाचून गत्यंतर नसते. दगड म्हणाल तर प्रवाळाचे नाहीत. २००१ सालापासून आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे. आमचे दगड सिमेंटचे, घरीच घडवलेले आहेत.

आता रहिवाशांची ओळख करून देतो. पिकासो नावाचा ट्रिगरफिश हा घरचा दांडगा. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. याच्या पाठीवरचा पहिला काटा उभा राहिला की मागचा लहान काटा त्याला अडकवून ठेवतो. रात्री हा कपारीत शिरतो, काटा उभा करतो आणि मग त्याला ओढून बाहेर काढणे कुणाला शक्य नसते. समुद्रात याचे भाईबंद पाण्याची फुंकर मारून काटेरी समुद्री अर्चिन उलथून टाकतात व त्याचे मऊ पोट फोडतात. दात सतत वाढत असल्यामुळे कठीण खाणे लागते. सालीसकट कोळंबी आणि शिंपल्यातल्या तिसऱ्या आम्ही त्याला घालतो. दुसरा नायजर ट्रिगर, जांभळट निळा, लाल दातांचा आणि पिकासोच्या तुलनेने सभ्य. तिसरी पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची वामेच्या जातकुळीतली मोरे ईल. ती खेकड्या-कोळंब्यांवर जगते. माशांना तिचे फारसे भय नाही. तिच्यासाठी झाकण मात्र घट्ट हवे. चौथा एम्परर एंजल, ज्याच्या गडद निळ्या अंगावर लहानपणी पांढरी वर्तुळे असतात आणि मोठेपणी पिवळे-निळे पट्टे येतात. हा बदल इतका विलक्षण आहे की एकेकाळी त्याच्या पिल्लांना वेगळीच जात समजून वेगळे नाव दिले गेले होते. आणि पाचवा डॉमिनो, काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा, जेमतेम तीन बोटे लांब. पाहुणे सगळ्यांत शेवटी त्याच्याकडे पाहतात. आम्ही सगळ्यांत आधी त्याच्यावर लक्ष ठेवतो.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभ प्रवाळखडकांवरील माशांपासून केला आहे. त्यांच्या मते या माशांचे भडक रंग म्हणजे निशाणे होत. आपल्याच जातीच्या माशाला ती बजावतात की, ही जागा घेतलेली आहे. ज्याचे अन्न तेच, ज्याला बीळही तेच हवे, त्याच्याशीच खरे वैर. पुढच्या निरीक्षकांनी यात दुरुस्ती केली. डॉमिनोच्या कुळातले काही मासे शेवाळाचा तुकडा शेतासारखा राखतात आणि ते शेवाळ खाणाऱ्या परजातीयांनाही हाकलतात. थोडक्यात, नाते रंगाचे असो वा पोटाचे, भांडण हद्दीचे असते. खुल्या समुद्रात हद्द ओलांडली की पाठलाग थांबतो. हरलेला निघून जातो, जिंकलेला परत फिरतो. काचपेटीत हरलेल्याने जावे कुठे? सहा फुटांवर काच आहे. पळून जाणारा तिथून परत येतो, आणि जिंकलेल्याला वाटते की हा पुन्हा चाल करून आला. समुद्रात दोन क्षणांत मिटणारा तंटा येथे दोन दिवसांत जीव घेतो.

एंजल आला तेव्हा हेच घडले. रिवाजाप्रमाणे तो आठ दिवस पेटीतच, भोकांच्या पारदर्शक डब्यात राहिला होता. दोन्ही ट्रिगरांनी त्याला हुंगले व सोडून दिले. डॉमिनोने मात्र, स्वतःच्या दुप्पट आकाराच्या त्या पाहुण्याला, डबा उघडताच कोपऱ्यात कोंडले. तिसऱ्या दिवशी एंजलची शेपटी फाटली होती. त्याने अन्न सोडले आणि वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठाशी तो तिरपा उभा राहू लागला. डॉमिनो मुलांचा लाडका. त्याला काढायचे की नव्याला परत द्यायचे, यावरून घरात दोन तट पडले.

आम्ही डॉमिनोला काढले, पण कायमचे नव्हे. दहा दिवस तो वेगळ्या टाकीत राहिला. तेवढ्यात सगळे दगड हलवून नव्याने रचले. एका टोकावरून दुसरे टोक दिसू नये अशा भिंती केल्या, आणि प्रत्येक कपारीला मागून एक वाट ठेवली. मग रात्री दिवा मालवून त्याला परत सोडले. सकाळी पाहतो तो, आपली जुनी कपार शोधत तो भांबावून फिरत होता. पेटी आता त्याच्या ओळखीची नव्हती, नवखा तो होता, आणि एंजल आधीचा. दोन-चार चकमकी झाल्या; पण हरलेल्याला दगडामागे वळून दिसेनासे होता येत होते, आणि तेवढे पुरले. तेव्हापासून खाणेही आम्ही दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकतो. एंजलची शेपटी महिन्याभरात भरून आली.

यांच्यात मैत्री झाली असे आम्ही म्हणत नाही. पाहुण्यांना तसे वाटते, आणि त्यांचा हिरमोड करणे आमच्या जिवावर येते.

आमच्या घरातील आजींना मात्र यातले काही फसवत नाही. त्यांचे माहेर किनाऱ्यावरचे. "समुद्रातले समुद्रात असू द्यावे," एवढेच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि तेच आजही म्हणतात. त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. क्लाउनफिश व काही डॅमसेल यांची पैदास टाक्यांमध्ये होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती साधली आहे. ट्रिगर, एंजल, ईल मात्र जवळजवळ सर्व समुद्रातूनच पकडून आणतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत सुरू झाली, तिने प्रवाळही मेले. म्हणून मासा कुठून, कसा आला हे विक्रेत्याला विचारल्यावाचून आम्ही घेत नाही. उत्तर गुळमुळीत आले की रिकाम्या हाताने परततो.

परत सोडणे हाही उपाय नव्हे. हिंदी व प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासूनच त्याची तिथली वस्ती झाली असे मानले जाते, आणि आज कॅरिबियन समुद्रभर तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडीत आहे. पेटीत आणलेला मासा आमच्याच पदरी. पिकासो पूर्ण वाढला की फूटभर होईल, आणि तेव्हा त्याला बहुधा एकट्यानेच राहावे लागेल. त्याच्यासाठी दुसऱ्या पेटीची जागा आम्ही मोजून ठेवली आहे.

आजींचे मत बदललेले नाही. बाजारातून कोळंबी आली की त्या ती सोलायला बसतात आणि चार चांगल्या, सालीसकट, वाटीत बाजूला काढतात. कुणासाठी, हे त्या सांगत नाहीत.