चुना लावताना

आमच्या घरी आठवड्यातून तीनदा झुरळांना चुना लावला जातो. म्हणजे खरोखरीच लावला जातो. एका प्लास्टिकच्या डब्यात पाच-सहा झुरळं घ्यायची, त्यावर चिमूटभर पांढरी पूड टाकायची, झाकण लावायचं आणि चिवड्याला तिखटमीठ लागावं म्हणून पातेलं हलवतो तसा डबा हलवायचा. झाकण उघडलं की झुरळं गिरणीतून आलेल्या माणसासारखी दिसतात. ती झटकून घ्यायच्या आत दाढोबापुढे सोडावी लागतात. दाढोबा आधी मान तिरकी करून एका डोळ्याने बघतो, मग जीभ, मग कुडुम असा एक आवाज. माझं सासर-माहेर दोन्हीकडे कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. हा आवाज ऐकून मला समाधान वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

दाढोबा म्हणजे बेअर्डेड ड्रॅगन. रागावला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळी करतो, म्हणून हे नाव. सिडनीच्या आमच्या घरात तो लेकाच्या अकराव्या वाढदिवसाला आला. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्याच आतल्या कोरड्या मुलखातला, त्यामुळे तो पाळायला न्यू साउथ वेल्स सरकारचा परवाना लागतो. भारतातून येऊन नागरिकत्वाची कागदपत्रं भरताना जितकी धाकधूक झाली नव्हती तितकी मला या पालीचा अर्ज भरताना झाली. आता लेक शिकायला कॅनबेराला आहे. दाढोबा इथे आहे. परवान्यावर नाव पहिल्यापासून माझंच.

चुन्याशी माझी ओळख जुनी. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी आजीची पितळी डबी असे, सुपारीएवढी, झाकणाला साखळी. चुना शिंपल्यांचा. खाडीतले शिंपले भट्टीत भाजायचे की होतो कळीचा चुना, त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, तापतो आणि लोण्यासारखा विरतो. आजी तो नखाच्या टोकावर घेऊन पानावर ओढायची, देवासमोर बोट ओढावं इतकी हलकी रेघ. पाच वर्षांची असताना मी ती डबी उघडून लोणी समजून बोट चाटलं होतं. जीभ सोलून निघाली. आजीने तूप लावलं आणि वर म्हणाली, "चुना पानात खायचा गो बाय, नुसता नाय."

पुढे लेकाच्या वेळी आई सिडनीला आली तेव्हा तिने मला जेवणानंतर विडा देण्याचा हट्ट धरला. बाळंतशोपा, ओवा, आणि चुना. बाळाच्या हाडांना जातं आणि आईच्या हाडांतून जातं, ते भरून काढायचं असतं, एवढं तिचं शास्त्र. विमानतळावर अळीव, डिंक आणि नाचणीच्या सत्त्वाचं सामान तिने टेबलावर मांडून एकेक पुडी उघडून दाखवली होती. तपासनिसाने नाचणीचं सत्त्व बोटाने चाळवून पाहिलं आणि परत दिलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे मला फार पुढे कळलं. आईला आकडा कधीच कळला नाही, आणि तिचं काही अडलंही नाही.

एवढा वारसा पाठीशी असताना मी दाढोबाची हाडं मऊ केली.

लेक गेला त्या वर्षी खाणंपिणं माझ्याकडे आलं. मी मराठी आईसारखाच विचार केला: ताजी पालेभाजी, तीही पौष्टिक. रोज पालक. वर द्राक्षं, कारण त्याला आवडतात. पिंजऱ्यातल्या दिव्याच्या नळीची मुदत संपली होती, पण ती लख्ख पेटत होती, म्हणून बदलली नाही. शिवाय बिचाऱ्याला ऊन मिळावं म्हणून मी त्याला दुपारी काचेच्या खिडकीशी नेऊन बसवायची. तिथे तो डोळे मिटून पडायचा. मला वाटायचं, किती सुखात आहे.

मे महिन्यात त्याचे पुढचे पाय थरथरायला लागले. डॉक्टरीणबाईंनी त्याचा खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. तो लवला, रबरासारखा. एक्स-रेमध्ये हाडं धुक्यातल्या झाडांसारखी दिसत होती. त्या मला रागावल्या नाहीत. दोनच प्रश्न विचारले: काय खायला घालता, आणि दिवा कधी बदलला.

पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलिक आम्ल त्याला असं धरून ठेवतं की पोटात ते सुटतच नाही. ऐकल्यावर मला आधी आठवला अळू. अळूने घसा खाजतो तो याच ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून तर आपण त्यात चिंच घालतो. म्हणजे अळूचा चुना टोचतो आणि पालकाचा कुलूपबंद असतो. किड्यांची गोष्ट आणखी वेगळी. झुरळं-रातकिडे यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, आणि हाडांना हवं असतं नेमकं उलट, फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. ती तूट भरायला पांढरी पूड. ही पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे भट्टीत न गेलेला शिंपला. आजीच्या डबीतला चुना जीभ भाजणारा, याचा थंड.

आणि चुना नुसता पोटात जाऊन भागत नाही. तो हाडात बसवायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते या प्राण्याच्या कातडीत उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. नळी दिसायला पेटत असली तरी सहा महिने-वर्षात तिच्यातले ते किरण विझतात. मी दाढोबाला रोज दुपारी उन्हाचं चित्र दाखवत होते.

त्या हिवाळ्यात तीन आठवडे सुईविना सिरिंजने औषध पाजलं. तोंड उघडायला तो तयार नसे. मग नाकावर एक थेंब ठेवायचा, तो चाटतो. एकेक थेंब. आईने आम्हाला काढा पाजताना नाक दाबलं होतं, इथे नाक दाबायची सोय नव्हती.

आता त्याचं ताट बघण्यासारखं असतं. पिल्लू असताना हे प्राणी बहुतेक किडेच खातात, मोठेपणी प्रमाण उलटतं आणि पाला हेच मुख्य जेवण होतं. पाल्यात बॉक चॉय, एंडाइव्ह, परसातल्या डँडेलियनची पानं, शेजारच्या तुतीची कोवळी पानं. लाल भोपळा किसून, कारण फोडी तो ओढून बाहेर टाकतो. वर एक जास्वंदाचं फूल. फूल नसेल तर तो ताटाकडे बघतही नाही. लाल दिसलं की येतो, फूल खाता खाता खालचा पालाही तोंडात जातो. गणपतीला फूल आणि नैवेद्य एकत्र का ठेवतात ते मला नव्याने पटलं. द्राक्ष महिन्यातून एखादं. ॲव्होकॅडो कधीच नाही, तो विषारी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर आणि हिरवा पाला घालायचा, कारण त्यांच्या पोटात असेल तेच याच्या पोटात जाणार. मी झुरळांसाठी गाजर किसते. हे वाक्य मी आईला फोनवर सांगितलं नाही.

एकदा आम्ही ब्रोकन हिलकडे गाडीने गेलो होतो. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबावर असाच एक बसला होता, धुळीच्या रंगाचा, छाती उन्हाकडे. त्याला कोण पूड लावतं? पण त्याच्यावर दिवसभर ऊन असतं, तो पन्नास जातींचं काही ना काही खातो, आणि पाऊस पडला की पंख फुटलेल्या वाळवीवर ताव मारतो. आमच्या ओटीवर पहिल्या पावसात कंदिलाभोवती तीच वाळवी यायची आणि भिंतीवरच्या पाली रात्रभर जेवायच्या. आजी पाट आत घ्यायची, पालींना हाकलायची नाही.

दाढोबा बरा झाला त्याच वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, ड जीवनसत्त्व अगदीच कमी आहे. कोकणात! मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. पण आई उजाडता बाहेर येते आणि मावळताना, मधला सगळा दिवस माजघरात. तिच्या खिडकीला काच आहे.

आता रोज व्हिडिओ कॉल असतो. सकाळी दहाला भाऊ तिची खुर्ची अंगणात ठेवतो, तेव्हा इथे दुपारचे अडीच-साडेतीन. ती पाठ उन्हाला देऊन बसते, मी दाढोबाला मागच्या हिरवळीवर घेऊन बसते. कॅल्शियमच्या गोळीमुळे पोट साफ होत नाही, अशी तिची तक्रार. मी विचारते, "घेतलीस का?" ती विचारते, "तुझ्या पालीने जेवण केलं?" दोघी उत्तर टाळतो.

परवा मी बोलता बोलता पूड काढायला डबी उघडली. आजी गेल्यावर ती माझ्याकडे आली. दोन वर्षं कपाटात होती, मग एक दिवस पुडीचं पाकीट फाटलं आणि हाताशी ती सापडली. आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

"ती आजीची ना गो?"

मी काही बोलले नाही. झुरळं डब्यात खडखडत होती.

"साखळी तुटली वाटतं," आई म्हणाली. "झाकण घट्ट लावत जा. सादळतं ते."