दोन बटणांचा संशयखोर

अंगापिंडाने किरकोळ, बोलायला तुटक आणि स्वभावाने पक्का संशयखोर. निफाडला आमच्या पुतण्याच्या टेबलाच्या खणात, द्राक्षबागेच्या औषधांची बिलं आणि सोसायटीचं पासबुक यांच्या शेजारी त्याचा मुक्काम असतो. दिसायला पेनड्राइव्हच. अंगावर दोन बटणं आणि बोटाच्या पेराएवढा पडदा. हे हार्डवेअर वॉलेट. त्याच्या पोटात क्रिप्टोची दमडीही नाही. ती सगळी जमा ब्लॉकचेनवर, हजारो संगणकांनी मिळून सांभाळलेल्या खतावणीत. याच्याकडे आहे ती फक्त सहीची किल्ली. सही तो आतल्या आत करून देतो, किल्ली लॅपटॉपच्या हाती लागू देत नाही.

घराणं काही फार जुनं नाही. २०१४ साली प्रागच्या सातोशीलॅब्सने ट्रेझर बाजारात आणला आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेजर कंपनी उभी राहिली. खणातला हा लेजरचा. पिन तीनदा चुकली की स्वतःची पाटी कोरी करून मोकळा होतो. मग त्याला पुन्हा शहाणं करायचं तर चोवीस इंग्रजी शब्द लागतात, तेही ठरलेल्या क्रमाने. पुतण्याने ते कागदावर उतरवून ठेवलेत. मोबाइलमध्ये त्यांचा फोटो नाही, मेलमध्ये नोंद नाही. ते शब्द जी वेबसाइट किंवा जो ‘मदत केंद्रवाला’ मागेल, तो चोरच.

याचा खरा स्वभाव कळतो तो वेबसाइटशी गाठ पडल्यावर. यूएसबीची वायर जोडली की ब्राउझरमधला मेटामास्क हा वॉलेट-प्रोग्राम मध्यस्थी करतो. वेबसाइट त्याच्याशी बोलते, तो याच्याशी. ‘कनेक्ट’ दाबलं तर वेबसाइटला खात्याचा पत्ता तेवढा कळतो, पैसे हलत नाहीत. पत्ता द्यायला याची ना नसते. सही मागितली की मात्र अडून बसतो. लॅपटॉपवर काहीही झळकत असो, हा आपल्या चिमुकल्या पडद्यावर किती, कुणाला, शुल्क काय, हे एकेक करून दाखवणार. उजवं बटण दाबत पुढे सरकायचं. शेवटी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच सही.

“काका, याच्यामुळे दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं लागतात,” पुतण्या कुरकुरतो. लागू देत. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावरून उतरला की जुना शेतकरी कुणाच्या तोंडचा आकडा धरत नाही, काटापट्टी स्वतः वाचतो. हाही त्याच वळणाचा.

पण याच्यातही एक खोट आहे. व्यवहार गुंतागुंतीचा असला की बऱ्याचदा तो याला वाचता येत नाही. मग पडद्यावर अक्षर-आकड्यांची नुसती माळ उमटते आणि मालकाने मुभा दिली असेल तर हा त्यावरही सही ठोकतो. जाणकार याला ‘ब्लाइंड सायनिंग’ म्हणतात. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या खात्यावर व्यवहाराला कंपनीच्या तीन सह्या लागत, तिघांकडेही लेजरच होते, आणि शेवटची सही लिमिनल या सांभाळदार कंपनीची. लिमिनलच्या पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच, असं वझीरएक्सने सांगितलं. आपली यंत्रणा फुटली नाही, असं लिमिनलने. दोष कुणाचाही असो, किल्ल्या जागच्या जागी असतानाही पैसे गेले.

त्याआधी, १४ डिसेंबर २०२३ ला, याच्याच घराण्याला झळ लागली होती. लेजरच्या एका माजी कर्मचाऱ्याला फसवून चोरांनी ‘कनेक्ट किट’ या जोडणीच्या कोडमध्ये आपला कोड घुसवला. तो वापरणाऱ्या चांगल्या, नावाजलेल्या वेबसाइट काही तास चोरांच्या तालावर नाचल्या. उपकरणं शाबूत होती. ज्यांनी पडद्यावरची मागणी मंजूर केली, त्यांचे पैसे गेले.

म्हणून याच्या भरवशावर राहणाऱ्याने काही पथ्यं पाळावीत. वेबसाइट जाहिरातीवरून नव्हे, स्वतः जपून ठेवलेल्या पत्त्यावरूनच उघडावी. साठवणीचं खातं वेगळं आणि वेबसाइटशी जोडायचं वेगळं ठेवावं, त्यात कामापुरतीच रक्कम असावी. वेबसाइटने टोकन खर्चायची अमर्याद परवानगी मागितली तर आकडा बदलून गरजेपुरताच करावा. ‘डिसकनेक्ट’ दाबल्याने दिलेली परवानगी रद्द होत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते, आणि त्यालाही सही लागते. ब्लाइंड सायनिंगची मुभा बंदच ठेवावी. गेलेला व्यवहार परत फिरवायला इथे बँकेचा मॅनेजर नाही.

वाचता न येणारा मजकूर या पडद्यावर आला, तर वायर काढा आणि उठा. एखादा सौदा हुकला तर हुकू द्या.