जन्मकथेचा वाढदिवस



आमच्या सहचारिणीच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून आहे; ती शाळेतील गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली. नोर नदीकाठच्या किलकेनीत मात्र आम्ही ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिचा वाढदिवस साजरा करतो, कारण खरी नोंद सासूबाईंच्या मुखी होती.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. दिवस भरलेल्या सासूबाई रात्री पावसातच गावाबाहेर पडल्या. एका कुणबी माउलीने गोठ्यात आसरा दिला, कडबा अंथरला. नाळही तिनेच कापली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या गोठ्यात जन्मलेल्या लेकीच्या पदवीपत्रावर आज तेच नाव आहे.

यंदा सासूबाई नाहीत. त्रिसरण-पंचशीलानंतर कथा आमच्या कन्येने सांगितली आणि शेवटी विचारले, "त्या माउलीचे नाव काय?"

आम्ही निरुत्तर झालो. एका नावासाठी घरे जळालेली सांगत आलो. जिने आसरा दिला तिचे नाव कधी विचारलेच नाही.

या हिवाळ्यात गावी जाऊ, तेव्हा प्रथम ते विचारू. तोवर कथा अपुरी आहे.