नगरचे रणगाडे आणि शस्त्रांचा रंग

अहिल्यानगर, म्हणजे आपले नगर, पाहायला येणारी मंडळी भुईकोट किल्ला पाहतात, चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर पाहतात. सोबत मुले असली तर त्यांची ओढ मात्र लष्कराच्या रणगाडा संग्रहालयाकडे असते. 1994 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशीचे रणगाडे मोकळ्या आवारात उभे आहेत. कुणी हिरवा, कुणी वाळूच्या रंगाचा, कुणी पट्ट्यापट्ट्यांचा. आम्ही शाळेची सहल तिथे नेली, तेव्हा मुलांनी विचारले, ‘‘यांना असले रंग का दिलेत?’’

उत्तराची सुरुवात नगरमध्येच होते. 1549 साली, निजामशाहीत, मुहम्मद बिन हुसेन रूमी या उस्तादाने इथे ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ ओतली. वजन सुमारे 55 टन. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्या तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार दिला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. शस्त्र दुरून दिसावे आणि शत्रूच्या पोटात गोळा यावा, हा त्या नक्षीचा हेतू.

पुढे बंदुकांचा पल्ला वाढला. जो दिसेल तो टिपला जाईल, अशी वेळ आली. मग सजावट गेली आणि लपण्याचे रंग आले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेत मातकट गणवेश आला. ‘खाकी’ हा शब्द उर्दूतल्या ‘खाक’वरून, म्हणजे धुळीवरून आलेला. 1915 मध्ये फ्रेंच लष्कराने तर चित्रकारांची तुकडीच उभी केली. तोफा झाडामातीत मिसळून जाव्यात म्हणून ते त्या रंगवीत. यालाच आपण कॅमोफ्लाज म्हणतो.

संग्रहालयात पॅटन रणगाडाही आहे. त्याच्यासमोर मुलांना हवालदार अब्दुल हमीद यांची हकीकत सांगावीच लागते. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ उभ्या पिकाच्या आडोशाने, जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी असे पॅटन उडवले आणि तिथेच ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. लपणे हा त्यांच्यासाठी शौक नव्हता. जिवाचा आणि देशाच्या राखणीचा प्रश्न होता.

आज मात्र शस्त्राचा रंग बाजारात आला आहे. अमेरिकेत गुलाबी, निळ्या, पानांच्या नक्षीच्या खऱ्या बंदुका लोक हौसेने घेतात. सिरॅमिकचा लेप चढवून तो भट्टीत पक्का करतात. अशा लेपाने गंज टळतो हे खरे. पण गुलाबी रंग गंजासाठी लागत नाही, तो मनाला भुलवण्यासाठी असतो. तिथल्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीला नारिंगी टोक असावे लागते, म्हणजे खरे-खोटे ओळखता यावे. 2014 साली क्लीव्हलंड शहरात 12 वर्षांच्या एका मुलाकडच्या खेळण्याचे ते टोक निघालेले होते. पोलिसाने ती खरी बंदूक समजून गोळी झाडली आणि मूल गेले. खरी बंदूक खेळण्यासारखी आणि खेळणे खऱ्यासारखे दिसू लागले, की धोका दोन्हीकडून येतो.

आपल्या घरांत खऱ्या बंदुका नाहीत. पण ईदीचे पैसे हातात पडले की कितीतरी मुले आधी बंदुकीच्या दुकानाकडे धावतात आणि कॅमोफ्लाजवालीच मागतात. गमतीनेही कुणावर शस्त्र रोखू नये, ही शिकवण आपल्याकडे आहेच. तिच्या जोडीला त्या रंगाचा अर्थही मुलांना सांगावा. हे पट्टे शोभेचे नाहीत. माणसाला माणसापासून लपावे लागले, म्हणून ते आले. एवढे कळूनही मुलाने बंदूकच मागितली, तर निदान ती कुणावर रोखायची नाही, हे दुकानातच ठरवून घ्यावे.