चकमक

शस्त्रांशी माझे सख्य कधीच नव्हते. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आले, की माझी शस्त्रविद्या तेथेच पुरी होत असे. अशा माणसाचा जीव उतारवयात एका बंदुकीवर जडावा, ही गोष्ट घरच्यांना अजूनही खरी वाटत नाही.

मुलीकडे पेनसिल्व्हेनियात राहत असता लँकेस्टरजवळचे लँडिस व्हॅली येथील संग्रहालय पाहण्याचा योग आला. या भागात अठराव्या शतकात जर्मन कारागीर येऊन वसले. मायदेशातील आखूड, जाड नळीची शिकारी रायफल त्यांनी सोबत आणली होती. इथल्या रानात शिसे आणि दारू जपून वापरावी लागे. म्हणून त्यांनी नळी लांबवली आणि गोळी लहान केली. साडेतीन फुटांच्या आसपास नळी, लाटा उठल्यासारख्या रेषांचे मेपलचे लाकूड, दस्त्यात बसवलेली पितळी झाकणाची डबी. बंदूक इतकी सडपातळ असू शकते, हे मला ठाऊक नव्हते. कीर्तनकाराच्या वीण्याकडे पाहावे तसा मी तिच्याकडे पाहत राहिलो.

पण रूपापेक्षा तिच्या चापाने मला अधिक ओढून घेतले. आमच्या गावी एक म्हातारा गडी कनवटीला चकमक बाळगी. गारेवर पोलाद आपटायचे, ठिणगी कापसावर झेलायची आणि फुंकर मारून चिलीम पेटवायची! या बंदुकीतही नेमके तेच चाललेले असते. घोड्याच्या जबड्यात गार धरलेली. चाप ओढला की ती पोलादी झडपेवर घासते. झडप मागे पडते आणि ठिणग्या खालच्या रंजकावर कोसळतात. रंजकाची ज्वाळा कानातून नळीत शिरते आणि बार होतो. आपल्याकडे महादजी शिंद्यांसाठी द बॉइनने उभारलेल्या कंपूत गारेच्याच बंदुका होत्या. मात्र त्यांची नळी आतून गुळगुळीत. लँकेस्टरच्या नळीत मळसूत्रासारख्या सऱ्या कोरलेल्या असतात. तेलकट फडक्यात गुंडाळलेली गोळी त्या सऱ्यांतून फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा तोल सोडत नाही, तशी तीही आपली वाट सोडत नाही.

मुलीच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्यापाशी जुन्या पद्धतीने घडवलेली अशी एक रायफल आहे. माझे कुतूहल पाहून एके दिवशी ते मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. दारू मापून नळीत ओतायची, फडक्यासह गोळी गजाने ठासायची, कानाशी चिमूटभर रंजक घालायचे. एका बाराची तयारी होईतो एखाद्या आजीबाईची पानाची चंची उघडून विडा लावून झाला असता. मी माशी निशाणावर आणली, तेव्हा ते हलकेच म्हणाले, “चाप ओढला म्हणजे काम संपलं असं समजू नका. आवाज येईपर्यंत हलायचं नाही.”

ठिणगी आणि बार यांच्यामध्ये डोळ्याच्या पापणीएवढा अवकाश असतो. तेवढ्यात नाकासमोर भडका उडतो आणि सारे अंग मागे सरू पाहते. त्या निमिषात जो स्थिर राहील, त्याचीच गोळी लागते. बार झाला, पांढरा धूर पसरला, आणि सोरा, कोळसा व गंधक यांचा तो ओळखीचा वास आला. मी परदेशात उभा होतो, पण नाकाला नरकचतुर्दशीची पहाट झाली होती.

म्हणून ही बंदूक निरागस आहे, असे मी म्हणणार नाही. 1777 साली साराटोगाच्या रणात मॉर्गनच्या नेमबाजांनी इंग्रजांचे अधिकारी हेरून टिपले, ते अशाच रायफलींनी. ज्यांची ती मूळची भूमी, त्यांना पश्चिमेकडे रेटत नेणाऱ्यांच्या खांद्यावरही हीच होती. त्यातून आज त्या देशात बंदुकीच्या बातम्या वाचल्या, की मन जड होते. देखणेपणाने रक्त धुऊन निघत नाही. तरीही एवढे वाटते, की ज्याच्यापाशी एकच बार आहे आणि पुढच्यासाठी सारा खटाटोप पुन्हा करायचा आहे, त्याला विचार करायला वेळ मिळतो.

हा वेळ नाहीसा करण्याचे श्रेय फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याकडे जाते. रंजकाचा भडका पाहून पाखरे गोळी पोचण्याआधीच उडत. त्यावर त्याने ठोक्यासरशी पेटणारी दारू योजली आणि 1807 साली तिचा हक्क नोंदवला. पुढे काही दशकांत गारेचे राज्य संपले.

पेनसिल्व्हेनियात मात्र ते वर्षातून काही दिवस परत येते. नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम तेथे केवळ गारेच्या बंदुकांसाठी राखलेला असतो. शेजारचे गृहस्थ दरवर्षी जातात. एका जानेवारीत ते बर्फातून परतले, तेव्हा मी अंगणातच विचारले, “काय मिळालं?”

“हरीण वीस पावलांवर होतं,” ते म्हणाले. “ठिणगी पडली, रंजक भपकन जळलं, पण बार झालाच नाही. हवा दमट होती. हरणानं मान वर केली. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे पाहत उभे होतो. मग ते त्याच्या वाटेनं गेलं, मी माझ्या.”

आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी त्यांना आत बोलावून पहिल्यांदा चहा दिला आणि मग मुलीच्या डब्यातले दोन लाडू.