उपरण्याखालचा भाव

भुसार बाजारात पन्नास वर्षे आडत केलेल्या बाबूजींना आता नातवाचे नाव आठवत नाही. घरातील प्रत्येक जण मात्र प्रेमापोटीच त्यांची परीक्षा घेतो. ‘बाबूजी, मी कोण? आज वार कोणता? दुपारी काय जेवलात?’ पेढीवर ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, त्यांना दिवसातून दहा वेळा चूक ठरावे लागते. मग ते बोलणेच सोडतात. स्मृतिभ्रंशाने पुष्कळ शब्द नेले, हे खरे. परंतु उरलेले शब्द घरच्यांच्या प्रश्नांनी गप्प केले, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’ नावाची पद्धत रूढ आहे. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, सुमारे 45 मिनिटांच्या 14 बैठका. विषय साधेच : बालपण, खाद्यपदार्थ, पैशांचा व्यवहार, आकड्यांचे खेळ. तिचे एक तत्त्व व्यापाऱ्याला सहज पटावे : माहिती विचारू नये, मत विचारावे. ‘ही डाळ कोणती?’ याचे उत्तर एकच. ‘या दोहोंतली कोणती घ्याल?’ याचे उत्तर कधी चुकत नाही.

मोठ्या सूनबाईंच्या कानी हे आले आणि त्यांनी रविवारी दुपारी बाबूजींचे तीन जुने सोबती घरी बोलावले. त्यांतील एकालाही विस्मरणाने गाठलेले. मध्ये परातींत तूर, हरभरा, मूग. पहिले दोन रविवार कोरडेच गेले. टीव्ही बंद करावा, हेही उशिराच सुचले. तिसऱ्या रविवारी एका सोबत्याने खांद्यावरचे उपरणे हातावर टाकले आणि तो हात बाबूजींपुढे केला.

हत्ता! उघडे लिलाव येण्यापूर्वी भाव असाच ठरे. कापडाखाली बोटे दाबून, तोंडातून अवाक्षरही न काढता. शेतकऱ्याला त्यातले काही कळत नसे, म्हणून ती पद्धत बंद झाली आणि ते योग्यच झाले. बाबूजींच्या बोटांना मात्र ती बंदी ठाऊक नव्हती. त्यांनी हात आत घातला, क्षणभर थांबून नकारार्थी मान हलवली. पुन्हा बोटे दाबली गेली. सोबती हसू लागले. नातू वाकून विचारू लागला, ‘बाबूजी, कितीला ठरले?’

‘सांगायचे नसते,’ बाबूजी म्हणाले, आणि किंचित सरकून त्यांनी गादीवर त्याला जागा करून दिली.