दुहेरी काचेची खिडकी : एक घरगुती हिशेब

भिंतीचे काम ऊन, पाऊस आणि आवाज बाहेर ठेवण्याचे असते. खिडकीला हे सारे करून शिवाय उजेड आणि वारा आत घ्यावा लागतो. म्हणूनच घराच्या सर्व अवयवांत तिचे काम अधिक कठीण असते आणि जुन्या घरात सर्वांत आधी थकते तीही खिडकीच. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घरांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांना याचा अनुभव असेल.

पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावरचे आमचे घर असेच आहे. सागवानी चौकटी, साध्या काचेची तावदाने आणि बाहेरून लोखंडी गज. वडिलांच्या काळी रस्त्यावर सायकली आणि टांगे असत. आता पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत वाहनांची रांग असते. आईचे वय ८७. मागील वर्षी ती रुग्णालयातून घरी परतली, तेव्हा औषधाइतकीच झोप महत्त्वाची आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. धाकट्या भावाचे मत असे पडले की उपनगरात सदनिका घ्यावी आणि आईला तिकडे न्यावे. आईचे उत्तर ठरलेले होते, "मी लग्न होऊन या घरात आले, आता दुसरीकडे कुठे येणार नाही." तेव्हा खिडक्यांचा प्रश्न वरकरणी काचेचा असला, तरी मुळात तो कुटुंबाने एकत्र कोठे राहावे याचा होता. पैसे माझ्या निवृत्तिवेतनातून आणि भावाच्या दुकानातून जायचे असल्याने निर्णय पारखून घ्यावा, असे ठरले.

दुहेरी काच म्हणजे नुसत्या दोन काचा नव्हेत. दोन तावदानांच्या मध्ये ठरावीक अंतर ठेवून कडा हवाबंद केलेल्या असतात. कडेच्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. काही वेळा हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात. ही कल्पना जुनी असून अमेरिकेत थॉमस स्टेटसन यांना तिचे पेटंट १८६५ मध्ये मिळाले होते. तिचा प्रसार झाला तो मुख्यतः थंड देशांत, आणि आपल्याकडे खिडकी निवडताना हेच ध्यानात ठेवले पाहिजे.

विक्रेते पहिला मुद्दा वीजबचतीचा सांगतात. त्याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. एका अंशाच्या तापमानफरकाला एक चौरस मीटर एकेरी काचेतून सुमारे ५.८ वॅट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून सुमारे २.८ वॅट. आमची एक खिडकी सुमारे २.८ चौरस मीटरची. उन्हाळ्यात रात्री आत-बाहेर ८ अंशांचा फरक धरला, तर वाचणारी उष्णता ६७ वॅटच्या आसपास येते. आठ तासांत ती सुमारे अर्धा युनिट होते. वातानुकूलन यंत्र एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकते, म्हणून विजेची खरी बचत रात्रीला ०.१८ युनिट. उन्हाळ्याच्या १२० रात्री आणि युनिटला १० रुपये धरले, तरी वर्षाला एका खिडकीमागे सव्वादोनशे रुपयांच्या आतच. इतक्या परताव्यावर कोणतीही बँक कर्ज मंजूर करणार नाही. जेथे आत २० अंश आणि बाहेर शून्याखाली तापमान असते, तेथे हाच हिशेब वेगळा निघतो. आपल्याकडे दिवसा थेट येणारे ऊन हे मोठे संकट, आणि साधी पारदर्शक दुहेरी काच ते फारसे अडवत नाही. त्यासाठी ऊन परतवणारा लेप असलेली काच घ्यावी लागते, किंवा आपल्या पूर्वजांप्रमाणे बाहेर छज्जा आणि पडदी ठेवावी लागते.

आवाजाचा हिशेब निराळा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात ६५ आणि ५५ डेसिबल आहे. पेठेत दुकान आणि घर एकाच छपराखाली असल्याने कागदावरची मर्यादाच आपल्याला जड जाते. आवाज दहा डेसिबलने घटला, की कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. मात्र आवाज सर्वांत आधी फटीतून शिरतो. पेटलेली उदबत्ती जुन्या झडपेच्या कडेने फिरवून पाहावी. धूर जेथे वळतो, तेथून आवाजही येतो. म्हणून सरकत्या खिडकीपेक्षा रबरी पट्टीवर घट्ट दाबून बसणारी बिजागरीची झडप अधिक उपयोगी. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असतील, तर दोन्ही एकाच आवाजाला सारख्या कंप पावतात. जाडी वेगळी ठेवली की हा दोष कमी होतो. त्यातील एक काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये चिवट पापुद्रा असलेली असावी. आम्ही बाहेर ५ मिलिमीटरची टफन्ड, आत ८ मिलिमीटरची लॅमिनेटेड आणि मध्ये १२ मिलिमीटर अंतर ठेवले. अशा काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे ३२ किलो होते. म्हणून बिजागऱ्यांवर काटकसर करू नये.

चौकटीत यूपीव्हीसी, ॲल्युमिनियम आणि लाकूड असे तीन पर्याय होते. यूपीव्हीसीच्या आत गंजरोधक पोलादाची पट्टी आहे ना, हे कापलेला तुकडा पाहूनच खात्री करावी. ॲल्युमिनियम मजबूत आणि सडपातळ, पण उष्णता वाहून नेते. मध्ये उष्णतारोधक पट्टी असलेले महाग पडते. आम्ही यूपीव्हीसी पसंत केले. बाहेर गज असल्याने झडप आत उघडणारीच हवी होती. आई गजापलीकडच्या कट्ट्यावर पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवते, तेही त्यामुळे जागेवर राहिले.

तीन दरपत्रके मागवली. एकाने "नव्वद टक्के आवाज जाईल" असे तोंडी सांगितले, पण लेखी द्यायला तो तयार होईना. बँकेत तीस-पस्तीस वर्षे कागद वाचण्याची सवय येथे उपयोगी पडली. काचेची जाडी, मधले अंतर, रबरी पट्टीचा प्रकार, जाळी, कर, जुनी चौकट काढून भिंत पूर्ववत करण्याचा खर्च आणि काचेच्या कडांची हमी हे सारे दरपत्रकात वेगवेगळे लिहून घ्यावे. कडांची हमी विशेष महत्त्वाची. तेथे हवा शिरली, तर दोन काचांच्या मध्ये ओल जमते, ती पुसता येत नाही आणि तो काचसंचच बदलावा लागतो. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही. म्हणून रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजून घेतली जाते ना, तेही पाहावे.

सर्व तयारी झाल्यावर आईने खरी हरकत घेतली. "अरे, सगळं बंद केलंत तर भाजीवाला आला कसा कळेल? समोरची मंडळी हाक कशी मारतील?" भाऊ मला म्हणाला, "दादा, हिशेब सगळा बरोबर आहे, पण आईचं म्हणणंही खरं आहे." मग आम्ही केवळ तिच्या आणि भावाच्या शयनगृहातील खिडक्या बदलल्या. दिवाणखान्याची रस्त्याकडची जुनी खिडकी सुताराकडून नीट करून घेतली आणि तशीच ठेवली. खर्चही जवळजवळ निम्म्यावर आला. बंद खोलीत हवा कोंडू नये म्हणून शयनगृहाचे चौकाकडील झरोके उघडे ठेवले.

आज आई रात्री सलग पाच-सहा तास झोपते. हॉर्न आणि टेम्पोचा खडखडाट दूर गेल्यासारखा वाटतो. विसर्जन मिरवणुकीच्या ढोलांचा खोल घुमारा मात्र अजून येतो, कारण तसा जड आवाज अडवायला ही काच अपुरी पडते. ते आधीच ठाऊक असल्याने कोणाचीही निराशा झाली नाही. उपनगरातील सदनिकेचा विषय भावाने पुन्हा काढलेला नाही.

ज्यांना खिडक्या बदलायच्या असतील, त्यांनी आधी घरातल्या माणसांना विचारावे की कोणत्या खोलीत शांतता हवी आणि कोणत्या खोलीत रस्ता. मग मापे आणि दरपत्रके मागवावीत. हा क्रम ठेवला, तर पैसाही योग्य जागी लागतो आणि घरातील वडीलधाऱ्यांचा शब्दही राहतो.